अकरा हजार नावं

यज्ञेश्वर पुणतांबेकर अठ्ठावन्न वर्षांचे झाले, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा! राजा घाटाजवळच्या यात्रेकरू मंडळाची वेबसाइट त्यांनी बावीस वर्षं एकहाती सांभाळली. काशीला येऊन गेलेल्या मराठी घराण्यांची अकरा हजार नावं तीर्थोपाध्याय वेणीमाधव भटजींच्या जुन्या वह्यांतून वाचून एकेक टाइप केली. त्यात डोळे गेले, पाठ गेली.

आणि मंडळाने काय केलं? पंचविशीतल्या रोहनला नेमलं आणि यांना सांगितलं, "काका, आता आराम करा." आराम! शब्द ऐकला की यज्ञेश्वरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

निरोपाच्या सत्काराच्या दिवशी सकाळी त्यांनी नवी वेबसाइट उघडली. गंगेवर तरंगणारे दिवे, नौकाविहाराचं बुकिंग, अध्यक्षांचा हसरा फोटो. नावं कुठेच नाहीत. त्यांनी रोहनला फोन लावला.

"वो पुराना डाटा? ते कोण बघतं हो काका आजकाल? काढून टाकलं."

"आणि ऑफिसातल्या कंप्यूटरवर नक्कल होती ती?"

"तो डब्बा तर पिछले महीने रामनगरच्या कबाडीवाल्याला दिला."

यज्ञेश्वरांनी फोन ठेवून दिला. एक नक्कल घरी ठेवावी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मंडळाची चीज घरी न्यायची नाही, हा त्यांचा बाणा.

"बसा आता बाणा कुरवाळत," त्यांची बायको शरदिनी म्हणाली खरी, पण तीही त्यांच्याशेजारी येऊन बसली.

संध्याकाळी अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. वर म्हणाले, "यज्ञेश्वररावांचं कार्य अमर आहे."

यज्ञेश्वरांनी माइक ओढून घेतला. "अमर? भंगारात घातलंत की! मला म्हातारा म्हणा, खुशाल म्हणा. पण त्या अकरा हजार माणसांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

शाल खुर्चीवर टाकून ते घरी गेले, लॅपटॉप उचलला आणि वेणीमाधवांच्या दारात उभे राहिले. भटजींनी ऐंशी ओलांडली होती, पण त्यांना आराम करा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"पहिली वही काढा."

"अरे, पुन्हा बावीस वर्षं? तुझे डोळे..."

"तुम्ही वाचा. मी टाइप करतो."

भटजींनी लाल फडक्याची गाठ सोडली. "कसबे सातारा. आबाजी बिन रामजी. आईच्या अस्थी घेऊन आला."

यज्ञेश्वरांनी ते टाइप केलं आणि त्या एकाच नावाची नक्कल आधी स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेतली. मग डोळे चोळत म्हणाले, "हं, पुढचं सांगा."