मागच्या जीपला ब्रेक कशाला?

वडील सैन्यात ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि तिला पोटच्या पोरीसारखं जपलं. पोटची पोर खरं तर मी, पण जपलं तिला.

ही जीप विट्याला आत्याच्या घरच्या लग्नात बंद पडली आणि अख्खा पावसाळा तिच्या गोठ्यामागं उभी राहिली. इंजिन गेलंच होतं. त्यात ब्रेकच्या तेलाची नळी गंजून फुटली, आणि पेडल दाबलं की ते थेट पत्र्याला टेकायला लागलं. विट्यात मेस्त्री नाहीत असं नाही, पण वडिलांचा विश्वास आमच्या सांगलीतल्या एकाच मेस्त्रीवर. तेव्हा जीप ओढत सांगलीला न्यायची ठरली. ओढणार कोण? माझा हळद-मिरचीची पोती वाहणारा लहान टेंपो. चालवणार मी.

वडिलांनी दोन्ही गाड्यांच्या मधे बसेल असा लोखंडी दांडा वेल्डिंग करून घेतला. आई त्या दांड्याकडं बघत म्हणाली, "आवं, जीपचा ब्रेक तेवढा नीट करून घ्या की आधी."

"दोर असता तर ब्रेक लागला असता. ह्यो दांडा हाय. फुडची थांबली की मागची थांबली. सैन्यात मी असल्या गाड्या लय आणल्यात."

सैन्य मधे आलं की आमच्या घरात चर्चा संपते. वडील जीपचं स्टिअरिंग धरून बसले, आई माझ्या शेजारी, आणि हुकूम ऐकायला आईच्या हातात स्पीकरवर टाकलेला फोन.

सपाट रस्त्यावर सगळं छान चाललं होतं. "बघ, जीप हाय का न्हाई ते तरी कळतंय का?" असं वडील फोनवरून दोनदा म्हणाले. मग तासगावच्या अलीकडं उतार लागला आणि जीप आहे हे कळायला लागलं. मागून कुणीतरी पाठीला हात लावून चल चल म्हणावं तसा टेंपो पळायला लागला. तेवढ्यात पुढं रस्ता ओलांडणारी मेंढरं दिसली. मी ब्रेक दाबला. टेंपोची चाकं धरली, पण मागून धक्का आला आणि टेंपोचा रिकामा मागचा भाग डावीकडं सरकायला लागला.

"ब्रेक मार! ब्रेक मार!" फोनमधून वडील ओरडले.

"तिनं मारलाय! तुमी मारा की!" आई.

"मला कुठाय ब्रेक?"

हे वाक्य वडिलांच्या तोंडून निघालं आणि टेंपो मुरमात जाऊन थांबला. जीप मागं कोपरासारखी वाकडी उभी. कुणाला काही झालं नाही. मेंढरंही आपली शांतपणे पलीकडं गेली. वडील उतरले, आधी माझ्याकडं आले, डोक्यावर हात ठेवला आणि मग जीपकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा हा क्रम मला मिळाला.

आई खाली उतरली. आवाज अजिबात चढवला नाही.

"सैन्यात फुडं कुठली गाडी असायची?"

"मोठा ट्रक."

"आनि मागं?"

"जीप."

"आनि आता फुडं काय हाय?"

वडिलांनी माझ्या टेंपोकडं बघितलं. जीपसमोर तो खरंच शेळीच्या करडासारखा दिसत होता. ते म्हणाले, "वजनाचा इचार र्‍हायला गड्या." आईला ते कधी गड्या म्हणत नाहीत. फारच हादरले असावेत.

तासगावहून मेस्त्री बोलावला. त्यानं रस्त्याकडंलाच नळी बदलली, तेल भरलं. वडिलांनी पेडल दाबून दाबून बघितलं आणि आम्ही निघालो. आता ब्रेक मिळाला म्हटल्यावर त्यांनी तो वापरायचंच ठरवलं. बारक्या खड्ड्याला ब्रेक, एसटी दिसली की ब्रेक, चढावरसुद्धा ब्रेक. माझा टेंपो कण्हत होता, क्लचचा वास यायला लागला होता.

आईनं फोन तोंडाजवळ धरला. "आवं, पाय काढा त्यावरचा. पोरगी ओढतीया, तुमी धरून ठिवताय."

"सावध असावं मानसानं," फोन म्हणाला.

सांगलीत पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी वडिलांचे दोन सोबती चहाला आले. मी आतून ऐकत होते. "ओढायच्या गाडीला सोताचा ब्रेक पायजेच," वडील ठणकावून सांगत होते. "फुडची हलकी आसंल तर पयला नियम त्यो. घरात कोन ऐकतंय?"

आईनं चहाचे कप त्यांच्यापुढं ठेवले.

"व्हय," ती म्हणाली, "लय समजावलं ह्यांनी आमाला."

वडिलांनी बशीत चहा ओतला आणि तो संपेपर्यंत मान वर केली नाही.