दुश्मन गावाला दिलेले पऱ्हे

मित्रांनो, सकाळी कचारगडच्या गुहा बघायला निघालो होतो. कुडव्यात मामाकडे चहाला थांबलो आणि मोबाईलवरच्या शेतीच्या गेममध्येच अडकलो.

गेममध्ये दोन गावं आहेत, एकमेकांचं तोंड न पाहणारी. मी एकात शेती घेतली म्हणून दुसऱ्याचं फाटक मला बंद. नेमका माझा बैल आजारी पडला आणि औषध फक्त त्या गावात! मिठाई पाठवून पाहिली, फाटक काही उघडेना.

गेममधली माझी रोवणी, म्हणजे भातलावणी, झाली होती, म्हणून धानाची उरलेली रोपं विकायला काढली. मामा मागून ओरडला, "काऊन बे, पऱ्हे विकून राहिला? उरलेले पऱ्हे कोणी विकते का? ज्याचे कमी पडले त्याले दे!"

"मामा, ते दुश्मन आहेत."

"मंग? दुश्मनाची धानाची बांधी पडीक ठेवते का?"

दिले. फाटक उघडलं, औषध मिळालं, बैल उठून चारा खाऊ लागला! मामा म्हणे, "गेम बनवणारा आपल्याच इकडचा दिसते."

मामी आतून हसली. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडलेल्या ज्या शेजाऱ्याशी मामा बोलत नाही, त्यालाच दरवर्षी पऱ्हे देतो म्हणे.

कचारगड राहिलंच. तुमच्याकडे कोणाला देता उरलेले पऱ्हे?