पहिल्या वर्गातला नमस्कार

आमचा दादा गेला त्याला आज एकवीस दिवस झाले. रघुवीर सीताराम पालव. नव्वदीच्या पुढे होता, तेव्हा रडण्यासारखं काय नाही असं येणारे सगळे सांगून गेले. मी पण मान हलवली. पण घरात चहा टाकते तर आधण दोघांचंच ठेवते, ते अजून सुटलेलं नाही.

दादाचं लिहायचं तर ते विमानाचंच लिहिलं पाहिजे. बाकी त्याचं आयुष्य लालबागच्या कुठल्याही माणसासारखं होतं. लग्न झालं, शेवंती वहिनी आली, दोन पोरं झाली, गणपतीत गावाला जाणं, बस. पण विमान आमच्या चाळीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

आमचे बाबा मिलमध्ये साचेवाले, म्हणजे माग चालवायचे. मालवणकडचे. खोली दहा बाय बारा, त्यात आम्ही आठ माणसं. दादा पंधरा वर्षांचा असताना फोर्टातल्या एका क्लबात कपबशा धुवायला लागला. मग बेअरा झाला. इंग्लिश शिकला ते सगळं मेनूकार्डावरून. म्हणजे त्याला मटणाचे सात प्रकार इंग्लिशमध्ये सांगता यायचे पण "माझं पोट दुखतंय" हे सांगता यायचं नाही. क्लबातल्या एका पारशी शेठला त्याचं काम आवडलं, हाताला कंप नव्हता, पाणी ओतताना थेंब सांडायचा नाही. त्या शेठने चिठ्ठी दिली आणि दादा विमान कंपनीत लागला. चोपन्न साल संपता संपता शिकायला घेतला आणि पंचावन्नच्या जूनपासून विमानात स्टुअर्ड. सहा महिने कच्चा, मग पक्का करणार. तो पण पहिल्या वर्गात, कारण तिथे वाढायला क्लबातला माणूस पाहिजे होता.

तेव्हा मुंबईहून लंडनला जायला अख्खा दिवस आणि वर काही तास लागायचे. मध्ये कैरोला उतरायचं. दादा परत आला की सगळी चाळ गॅलरीत जमायची. कठड्याला पाठ लावून तो सांगायचा आणि आम्ही ऐकायचो. तिथल्या खुर्च्या मागे पडायच्या, इतक्या की माणूस आडवाच. काही ठिकाणी तर डोक्यावरच्या छतातून पलंग खाली काढायचे, त्याच्यावर पांढरी चादर, उशी, पडदा. वास घातलेलं ओलं फडकं चिमट्याने द्यायचं, तोंड पुसायला. चांदीचे चमचे. आणि काचेच्या वाटीत बर्फावर माशाची काळी अंडी, मोहरीएवढी.

"गाबोळी ती," आई बोलली. "कच्चीच खातत?"

"कच्चीच."

"तव्यार टाकूक कोण नाय तेंच्याकडे?"

सगळे हसले. शेजारचे धोंडूकाका बोलले, "रघ्या, एका माणसाला किती जागा?"

दादाने हाताने दाखवली. आमच्या दारापासून मोरीपर्यंत. धोंडूकाकांनी ती जागा नजरेने मोजली आणि बोलले, "म्हणजे माझ्या चार पोरांची."

आता एक सांगितलं पाहिजे. आमच्या खोलीत आठ माणसं ओळीने झोपायची. ज्याला पहाटेच्या पाळीला जायचं तो बाकीच्यांच्या मधून वाट काढत मोरीकडे जायचा. पाय लागायचाच. मग खाली वाकायचं, ज्याला पाय लागला त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला. तो झोपलेला असला तरी. लहान असला तरी. मला दादाचा पाय लागला तर तो मला पण नमस्कार करायचा, मी त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. बाबांनी हे मारून शिकवलेलं नाही. ते स्वतः करायचे, ते बघून सगळ्यांना लागलं. हे करताना कुणाला आपण काही करतोय असं वाटत पण नव्हतं.

पंचावन्नच्या ऑक्टोबरात विमान लंडनला चाललं होतं. दुपारचं जेवण झालं, पडदे ओढले, सगळे साहेब लोक आडवे झाले. दादा एका हातावर कॉफीचा ट्रे घेऊन मधल्या वाटेने निघाला. एक म्हातारी मडम खुर्ची मागे पाडून झोपलेली, तिचा एक पाय घोंगडीतून बाहेर वाटेत आलेला. दादाच्या बुटाचं टोक त्या पायाला लागलं. जोरात नाही. मडम उठली पण नाही.

दादाने ट्रे तसाच डाव्या हातावर तोलून धरला, वाकला, उजव्या हाताने तिच्या पावलाला हात लावला आणि कपाळाला लावला. तेव्हा मडम उठली. तिने बघितलं ते एवढंच, की एक माणूस आपला पाय धरून वाकलेला आहे.

ती ओरडली नाही. तिने पाय आत ओढला, घोंगडी गळ्यापर्यंत घेतली आणि घंटी वाजवली. बाईमाणूस पाठवा बोलली. दादाला पुढे लंडन येईपर्यंत पँट्रीत उभं केलं. लंडनला उतरून तिने कंपनीला पत्र लिहिलं.

दादाचा वरचा माणूस मेनेझिस म्हणून होता, गिरगावात राहायचा. चांगला माणूस. तो घरी आला, आमच्या उंबऱ्यावर बसून चहा पिला. त्याने दादाला खुलासा लिहायला कागद आणून दिला होता.

"देख रघू," तो बोलला, "लिख दे ब्लँकेट गिरा था, उठाके डाल रहा था. खतम. तेरेको पक्का कर देंगे."

"ब्लँकेट नही गिरा था."

"अरे मॅन, वो मेरेको मालूम है. मेरी माँ भी वैसा करती है, पाय लागला तर. लेकिन उस बुढीको कौन समझाएगा? साहबको ब्लँकेट समझता है."

मेनेझिस गेल्यावर आईने कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, पण धरून बघितला.

"लिव रे बाबा," ती बोलली. "कागदार लिवल्यान काय हात तुटता?"

बाबा मोरीत हातपाय धूत होते. तिथूनच बोलले, "तू केलंस काय, तां माका सांग."

"पाय लागलो. नमस्कार केलंय."

"मग तांच लिव."

"तसा लिवलंय तर काढतीत."

बाबांनी पंच्याने तोंड पुसलं. "तां माका ठाऊक नाय," ते बोलले आणि जेवायला बसले. त्यांना काळजी नव्हती असं नाही. त्या दिवशी एकच भाकरी खाल्ली. दादाच्या पगारावर घरात दोन वेळा मासे येत होते, माझ्या मोठ्या बहिणीचं, राधाचं लग्न ठरत होतं. आणि त्या सगळ्याहून जास्त म्हणजे दादाला ते काम आवडत होतं. तो सुट्टीच्या दिवशी घरात आम्हाला पाणी पण उजव्या खांद्यावरून वाढायचा.

चौकशीची तारीख आली एकवीस नोव्हेंबर, सकाळी दहा वाजता, सांताक्रुझला. आणि त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. मिल बंद, ट्राम बंद, दुकानं बंद, लोकलचा भरवसा नाही. कंपनीची गाडी लालबागला येणं शक्य नव्हतं. गैरहजर राहिला तर निकाल त्याच्याशिवायच लागणार.

बाबा युनियनचे, त्यांना दुपारी फाउंटनला मोर्चाला जायचं होतं. सकाळी सहाला उठले, टोपी घातली आणि दादाला बोलले, "चल."

"खय?"

"सांताक्रुझाक. चलत."

दादाने गणवेशाचा कोट पिशवीत घातला, अंगात जुना शर्ट. परळ, दादर, माहीम करत दोघे निघाले. दादरला पोरांनी अडवलं, एकाच्या हातात दगड होता.

"काय काका, आज कामावर? लाज नाही वाटत का?"

"कामार नाय रे," बाबा बोलले. "ह्येचा काम जाता हा, ता धरूक चल्लंय."

पोरं हसली आणि वाट सोडली. एकाने दादाला विचारलं कुठलं काम, दादाने विमान सांगितलं तर तो बोलला, "मग उडत जा की." दादा हे आठवून नेहमी हसायचा.

तीन तास चालले. कंपनीच्या नळावर दादाने पाय धुतले, बूट पुसले, कोट घातला. बाबा बाहेर झाडाखाली बसले. साहेबच उशिरा पोचला, दादाला आत बोलवायला दुपार झाली.

आत काय झालं ते दादाने मला कितीतरी वेळा सांगितलेलं आहे, म्हणून मी बघितल्यासारखं सांगू शकते. साहेब वयस्कर होता, आपल्याकडचा नव्हता पण हिंदुस्थानीच. त्याने पत्र वाचून दाखवलं. मग टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यात होतं की मी पॅसेंजरला हात लावला ही माझी गैरवर्तणूक, मी माफी मागतो. सही कर आणि काम कर, साहेब बोलला.

दादा बोलला, "साहेब, पाय लागला ही माझी चूक. तेवढं लिहा, सही करतो. हात लावला ती चूक नाही. ती माफीच होती. मागितलेल्या माफीची माफी कशी मागू?"

साहेब बोलला, "त्या केबिनमध्ये माफी तोंडाने मागतात."

"झोपलेल्या माणसाची तोंडाने कशी मागणार, साहेब? उठवून?"

साहेब थोडा हसला. रागीट माणूस नव्हता तो. त्याने चष्मा काढला, टेबलावर ठेवला. बोलला, "ठीक आहे. हा कागद राहू दे. मला एवढंच सांग, परत असं होणार नाही ना?"

इथे दादाने फक्त होणार नाही एवढंच म्हणायचं होतं. साहेबाने दार उघडून दिलं होतं. दादा बोलला, "पाय लागू नये म्हणून जपून चालेन. पण लागला तर हात जाईल, साहेब. तो मी पाठवत नाही, तो जातो. खोटं सांगून परत झालं तर तुमचा शब्द जाईल."

साहेबाने चष्मा परत लावला. मग लिहिलं. कामावरून काढलं नाही. पण विमानातून काढलं. खाली, जमिनीवरच्या खानपानाच्या कोठारात.

दादा बाहेर आला. बाबा उठले.

"काय झाला?"

"खाली ठेवल्यांनी. पगार कमी."

"सही?"

"नाय केलंय."

बाबांनी मान हलवली. मग दोघे परत तेवढंच चालत आले, वाटेत दादाच्या बुटाने टाच सोलली म्हणून बाबांनी आपल्या वहाणा त्याला दिल्या आणि स्वतः अनवाणी आले. लालबागला पोचले तर चाळीत कुणी बोलत नव्हतं. फाउंटनला गोळीबार झाला होता. माणसं गेली होती. आई दारात उभी होती, बाबा मोर्चात असतील असं धरून दुपारपासून तशीच उभी होती. दोघांना बघून ती खालीच बसली. चौकशीचं त्या दिवशी कुणी विचारलं नाही. दादाने पण सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, तेव्हा सांगितलं, आणि ती फक्त बोलली, "जिवंत इलास ना."

राधाचं लग्न एक वर्ष पुढे गेलं, पण झालं.

दादाने कोठारात पस्तीस वर्षं काढली. साठ साली महाराष्ट्र झाला, जेट विमानं आली, मेनेझिस निवृत्त झाला. दादाचं काम पहिल्या वर्गाचे ट्रे लावायचं. काटे, चमचे, घडी घातलेला रुमाल. मग विमान सुटायच्या आधी शिडीने वर जायचं, केबिनमध्ये सगळं जागच्या जागी ठेवायचं, उशा ठोकून नीट करायच्या. आणि पॅसेंजर यायच्या आत खाली उतरायचं. रोज चढायचा, रोज उतरायचा. कधी कधी दिवसातून तीनदा.

गॅलरीतल्या गोष्टी मात्र बंद झाल्या. धोंडूकाकांनी एकदा विचारलं, "रघ्या, आता काय खातात रे वर?" दादा बोलला, "मी भरून देतो काका, खाताना बघत नाही."

शेवंती वहिनी गेल्यावर तो माझ्याकडेच राहायला आला. मी पण एकटीच. मागच्या महिन्यात सकाळी दोघं चहा पीत होतो. मला खूप वर्षांचं विचारायचं होतं ते विचारलं. "दादा, परत होणार नाही असं म्हणाला असतास तर. साहेब तर सोडायला तयार होता. कधी वाईट वाटलं का?"

"रोज वाटलं," तो बोलला.

मला वाटलं तो नाही म्हणेल.

"शिडी उतरताना वाटायचं. वर पॅसेंजरचे आवाज यायला लागायचे, गाडी खाली उभी असायची आणि मी उतरायचो. पस्तीस वर्षं. तू विचारलंस म्हणून सांगतो, बाबांना कधी सांगितलं नाही."

"मग साहेबाला तसं का सांगितलंस?"

त्याने कप खाली ठेवला. "मालन, त्या बाईला मी खरंच नमस्कार केला होता गं. उगीच नव्हता केला. तिचा पाय सुजलेला होता, म्हाताऱ्या बायकांचा असतो तसा. मला वाईट वाटलं लागला म्हणून. ते नव्हतंच असं कसं सांगणार."

मग बोलला, साखर कमी पडली आज. मी उठून डबा आणला.