कासवासाठी थांबलेलं वऱ्हाड

आमच्या व्याह्यांना ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचलेलं पाहणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आळशी म्हणावं तर तसंही नाही. पहाटे उठून, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते सगळ्यांच्या आधी घराबाहेर पडतात. पोचतात मात्र सगळ्यांच्या नंतर, आणि पोचतात तेव्हा हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले असतात. निपाणी आणि चिकोडीच्या मधल्या पट्ट्यात त्यांचं गाव आहे, गावाला रस्त्यालगत एक जुनं तळं आहे आणि त्या तळ्यात कासवं आहेत. हे सगळं सोयरीक जुळवण्याआधी कुणीतरी मला सांगायला हवं होतं. मी पतसंस्थेत हिशेब तपासणारा माणूस. मुलाचं शिक्षण, नोकरी, जमिनीचा उतारा, विहिरीतला वाटा, सगळं तपासलं होतं. कासवाचा रकाना माझ्याकडे नव्हता.

मुलगी बघायला ही मंडळी बेळगावात खासबागेत आमच्या घरी आली तेव्हा पोहे दोनदा गरम करून झाले होते. बाकीचे सतरंजीवर टेकले, व्याही दारातच उभे राहिले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, आधी साबण द्या." अंगाला गाळाचा वास येत होता. मुलगी चहा घेऊन बाहेर आली तेव्हा होणारा सासरा मोरीत हात घासत होता. विचारलं तर "वाटेत जरा थांबलतो" एवढंच उत्तर. उशिरा येणारा, चिखलात माखलेला आणि कुठं होतो ते न सांगणारा माणूस काय करत असणार, हे मी माझ्या अकलेनं ताडलं आणि चिकोडीतल्या एका ओळखीच्या तंबाखू व्यापाऱ्याला फोन करून आडून आडून विचारलं, की माणूस घेतो का. तो बराच वेळ हसला. म्हणाला, "व्यसन हाय ओ. पर दारूचं न्हाय, कासवाचं."

पुढं हॉल ठरवायला त्यांच्या गाडीतून गेलो तेव्हा ते व्यसन जवळून पाहिलं. रस्त्यावर गोल आणि काळपट असं काहीही दिसलं की गाडी बाजूला. त्या एका फेरीत ते शेणाच्या पोवासाठी थांबले, फाटक्या टायरच्या तुकड्यासाठी थांबले आणि शेवटी पालथ्या पडलेल्या हेल्मेटसाठी थांबले. हेल्मेटपर्यंत तर दबक्या पावलांनी गेले. परत आले ते चेहऱ्यावर कसलाही ओशाळेपणा न आणता. "कासव न्हवतं," म्हणाले, "पर असतं तर?" हेल्मेट त्यांनी बाभळीच्या फांदीला अडकवलं, मालकाला येता-जाता दिसावं म्हणून.

खरं कासव भेटलं की त्यांची एक ठरलेली रीत असते. पुढून धरायचं नाही, चावतं. शेपटीला तर हातच लावायचा नाही. मागच्या अंगानं दोन्ही हातांनी धरायचं, जमिनीपासून वीतभरच उचलायचं, म्हणजे निसटलं तरी पाठ फुटत नाही, आणि आपल्या कपड्यांपासून लांब ठेवायचं. ते का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कासव आपलं आपण चालत असेल तर उचलायचंसुद्धा नाही. हे बाजूनं छत्री धरून चालतात आणि अदबीनं म्हणतात, "चला पावणं, चला." मलाही ते पावणंच म्हणतात. गाडीत बसल्या बसल्या हे ऐकून मी दोनदा खाली उतरलो.

लग्न माझ्या एकुलत्या एका मुलीचं. आमच्याकडे पत्रिकेवर छापलेली वेळ ही घरातून निघण्याची वेळ समजतात. ही रीत आपण मोडायची, असं मी ठरवलं होतं. अक्षता बारा पस्तीसला म्हणजे बारा पस्तीसलाच पडतील, असं मी बेळगावभर सांगत सुटलो होतो. ऐकणारे माना हलवायचे आणि व्याह्यांचं गाव कुठलं ते विचारायचे. त्यात भटजींना त्याच दुपारी संकेश्वरला दुसरं लग्न होतं. हा मुहूर्त हुकला की पुढचा थेट संध्याकाळी, आणि तोही दुसरे भटजी सापडले तर.

लग्नाच्या आदल्या रात्री वळीव कोसळला. निपाणीच्या हॉलवर आम्ही सकाळपासून तयार होतो. अकरा वाजून गेले तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही, नवऱ्या मुलाचा फोन लागत नाही. मी नवाकोरा कोट घातला होता तसाच गाडी काढून चिकोडी रस्त्यानं निघालो. तळ्यापाशी पोचलो तर रस्ता बंद. एका बाजूला सरकारी बस, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर, मधे फेटा बांधलेला माझा जावई दोन्ही हात पसरून वाहनं अडवत उभा. बसचा कंडक्टर कानडीतून विचारत होता, का थांबलात. जावई शांतपणे सांगत होता, "आमि ऐत्री." कासव आहे हो, एवढाच त्याचा अर्थ, पण तेवढ्यावर कंडक्टर खाली उतरून चपला काढायला लागला.

कारण मधोमध कासव होतं आणि त्याच्याभोवती अख्खं वऱ्हाड पाया पडत होतं. देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव असतं, त्याच्यावर डोकं टेकल्याशिवाय आम्ही पुढं जात नाही. इथं तर ऐन लग्नाच्या दिवशी ते जिवंत होऊन रस्त्यावर आलेलं. नवऱ्या मुलाची आत्या हळदकुंकवाची कुयरी घेऊन खाली बसली होती. व्याही कळवळून म्हणत होते, "आक्का, कुंकू नगं लावू गं. बुजतंय त्ये. मान आत घेतली की हलायचं न्हाय." आत्या म्हणाली, "तू गप रं. सुनेचा पायगुण हाय ह्यो." प्रत्येक पाया पडणाऱ्यागणिक कासव मान आत ओढत होतं आणि बाहेर काढायला त्याला पुन्हा वेळ लागत होता.

मी घड्याळ पाहिलं. मग गर्दीत घुसलो, कासव उचललं, छातीशी धरलं आणि तळ्याकडे पळालो. पाणी कुठं आहे हे दिसत होतं, कासव पाण्यात राहतं हे माहीत होतं. हिशेब सरळ होता. काठावर सोडलं. कपड्यांपासून लांब का धरायचं, हे तेवढ्यात भिजलेल्या कोटावरून कळलंच होतं. वळून म्हणालो, "चला, झालं. गाड्यांत बसा."

कुणी हललं नाही. व्याही माझ्या मागं बघत होते. कासव मान काढून, तोंड फिरवून पुन्हा रस्त्याकडे निघालं होतं.

"पावणं," व्याही म्हणाले, "त्ये घरातनं निघालंय. तुम्ही त्याला परत घरात न्हेऊन सोडलासा."

"अहो आप्पा, पण पाणी इकडं आहे."

"त्ये आटत आलंय. त्याला पल्याड कॅनॉलला जायाचं हाय. तोंड जिकडं असंल तिकडंच पोचवायचं असतंय."

मग त्या कासवानं सगळा रस्ता नव्यानं ओलांडला. ह्या खेपेला मी छत्री धरली. आत्याला बसमध्ये बसवून ठेवलं होतं.

मुहूर्त हुकला. आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा भटजी पिशवी भरत होते. माझ्या कोटाचा वास त्यांच्यापर्यंत गेला, आणि मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "पंचांगात मिनिटं असतात," म्हणाले, "मंडपात मी असतो. बोलवा मुलीला." संकेश्वरचं लग्न त्या दिवशी किती उशिरा लागलं, याची चौकशी मी अजून केलेली नाही.

ऊन उतरल्यावर पाठवणी झाली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेही बारा पस्तीससारखंच झालं. वधू-वरांची गाडी व्याही स्वतः चालवत होते. वळीव पडून गेला की त्या रस्त्यानं ते माणसाच्या चालीनं गाडी नेतात, हे मला तेव्हा कळलं. मागच्या टेम्पोतली मंडळी हॉर्न वाजवून थकली. मुलगी काच खाली करून मागं बघत होती. मीही चालू लागलो. लोकांच्या लेकी पहिल्या वळणावर दिसेनाशा होतात. माझी कितीतरी वेळ दिसत राहिली. गाडी थांबली असती तर मी गाठली असती. पण ती थांबत नव्हती, नुसती हळू जात होती.