लाइट आहे का घरी?

काल आमच्या पंचवटीतल्या घरी इन्व्हर्टर बसवला. वायरमनने विचारलं, "काका, त्यावर काय काय घ्यायचं?" म्हटलं, आधी माशांच्या टाकीचा पंप घ्या, मग पंखा. तो हसला, "म्हणजे तुम्ही घामात आन् मासे मजेत!"

मासे मंगलचे. मंगल म्हणजे माझी बायको. मी खेड्यातला, मासा ओढ्यात असतो एवढंच मला ठाऊक… टाकीत त्याला पंपाने हवा द्यावी लागते हे लग्नानंतर कळलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की ती माशांना दाणे टाकायची. तोही तिच्या पूजेतलाच भाग.

काही वर्षांपूर्वी तिला उपचारासाठी मुंबईला न्यावं लागलं. किल्ली शेजारच्या पवारभाऊंकडे दिली. ते सकाळी दाणे टाकून मनमाडला ड्युटीवर जायचे ते रात्रीच परत. त्यात नाशिकला लोडशेडिंग सुरू. पंप फार वेळ बंद राहिला की मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात… मंगलला स्वतःच्या दुखण्यापेक्षा त्याचीच काळजी.

मग एक युक्ती सुचली. मेव्हण्याने दुबईहून फोनला जोडायचं आन्सरिंग मशीन आणून दिलं होतं. घरी लाइट असली की ते फोन उचलायचं आणि माझ्याच आवाजात सांगायचं, "आम्ही घरी नाही, निरोप ठेवा." लाइट नसली की नुसती रिंग वाजत राहायची. म्हणजे हॉस्पिटलखालच्या एसटीडी बूथवरून आपल्याच बंद घरी फोन लावायचा, की कळलं.

"कुलूप लावलेल्या घरी फोन करून स्वतःचाच आवाज ऐकणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय," मंगल म्हणायची. पण रोज दुपारी मला खाली पाठवायची.

कधी कधी नुसतीच रिंग वाजायची. तरी मी वर जाऊन सांगायचो, लाइट आहे. एवढं खोटं देव पोटात घालेल असं वाटायचं.

एके दिवशी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावून रिपोर्ट समजावून सांगितला. फारसं काही हातात उरलं नव्हतं… वॉर्डात आलो आणि दारातूनच म्हटलं, "रिपोर्ट बरा आलाय गं." ती नुसतं "बरं" म्हणाली आणि मला फोन करायला पाठवलं.

त्या दिवशी मशीनने फोन उचलला. मी वर आलो, तिच्या उशाशी ठेवलेल्या बाटलीतलं पाणी प्यायलो, स्टुलावर बसलो आणि सांगितलं, "लाइट आहे."

"आज आहे खरी," ती म्हणाली.

"आज म्हणजे?"

"अहो, लाइट असली की तुम्ही आधी पाणी पिता, मग सांगता. नसली की दारातूनच सांगून मोकळे होता."

रिपोर्टचं मी दारातूनच सांगितलं होतं…

तिने तो विषय पुन्हा काढला नाही. थोड्या वेळाने माझ्या हातावर हात ठेवून एवढंच म्हणाली, "पवारभाऊंना सांगा, दाणे जरा कमीच टाका. पाणी खराब होतं."

ती घरी परत आली नाही. मासे मात्र जगले, त्यातले दोन अजून आहेत. रामाने तेवढं राखलं.

काल संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि अख्ख्या गल्लीची लाइट गेली. टाकीतले बुडबुडे मात्र थांबले नाहीत… थोडा वेळ ते बघत उभा राहिलो. मग स्वयंपाकघरात जाऊन आधी पाणी प्यायलो, आणि तिच्या फोटोसमोर बसून सांगितलं, घरी लाइट आहे.