परशुअण्णांना न सापडलेला आवाज

परशुअण्णा भेटले की आधी नमस्कार करत नसत. आधी आवाज काढून दाखवत. गाल आत ओढून, जीभ टाळ्याला लावून ‘टक् टक्... खळ्ळ’ असं काहीतरी करत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत विचारत, “असा येतोय बघा. चढ लागला की जास्तच. कशाचा असंल?” माझी त्यांची ओळख अशीच झाली. निपाणीला तंबाखूच्या वखारीत मी नुकताच कारकून म्हणून लागलो होतो आणि कामासाठी बेळगावला निघालो होतो. मोटारीचा मालक आणि ड्रायव्हर असलेला माणूस उतारूलाच मोटारीचा रोग विचारतो आहे म्हटल्यावर मी उतरावं की बसावं या विचारात पडलो. तोवर मोटार सुटली आणि आवाजही सुरू झाला.

अण्णा मूळचे शहापूरचे, घरात हातमाग. वडिलांच्या मागावर बसायचं सोडून ते बेळगावच्या लष्करी कॅम्पात मोटारी दुरुस्त करायला शिकले. एका गोऱ्या साहेबाने जाताना टाकून दिलेली मोटार त्यांनी घेतली, तिच्यावर लाकडी टप आणि बाकडी चढवली आणि निपाणी-बेळगाव सर्व्हिस सुरू केली. आवाज मोटारीबरोबरच आला होता. वडील म्हणायचे, “माग दिसभर खडखडतोय, त्याला कुणी इचारतंय काय, का खडखडतोस म्हणून?” पण अण्णांचा स्वभाव तसा नव्हता. मिस्त्री म्हणवून घ्यायचं आणि स्वतःच्या मोटारीचं दुखणं कळू नये, ही गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती.

सल्ल्याला तोटा नव्हता. वैद्यांनी वात सांगितला. शहापूरच्या भावकीने मागातल्यासारखा धोटा अडकतोय म्हणून सांगितलं; मोटारीत धोटा नसतो हे त्यांना पटेना. कॅम्पातल्या एका मोठ्या मिस्त्रीने आवाज ऐकायच्या आधीच इंजिन संपलं असं जाहीर केलं. अण्णा सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी आपलं ठरलेलं वाक्य म्हणत, “मोटार खोटं बोलत न्हाय. आपुन ऐकतानाच खोटं ऐकतोय.”

आमच्याकडे अमावास्येला हत्यार चालवायचं पण धंदा करायचा नाही. त्या दिवशी मोटार अण्णांच्या निपाणीच्या घरामागे परड्यात उभी राही. तिला नारळ फोडून, लिंबू बांधून अण्णा इंजिन उघडायला बसत. संध्याकाळपर्यंत सगळं पुन्हा बसवून होई, एखादा नट उरे, आणि मोटार सुरू केली की आवाज अजिबात नसे. अण्णा आनंदाने जेवत. दुसऱ्या दिवशी उतारू भरून निघाले की गावाबाहेरच्या चढाला ‘टक् टक्... खळ्ळ’. वैद्य दारात आला की पोटदुखी थांबावी, तसा प्रकार कित्येक अमावास्या चालला.

मग एकदा अण्णा भर दुपारी वखारीत आले ते आवाज न काढताच. म्हणाले, “अहो, अमुश्येला मोटार रिकामी असती! मी हिला कधी भरल्या पोटी तपासलीच न्हाय.” पुढच्या अमावास्येला त्यांनी सगळ्या आळीला मोटारीत बसवलं. उतारू म्हणून घेतलं असतं तर धंदा झाला असता. आम्ही वजन म्हणून बसलो. मला मुद्दाम पुढे घेतलं. “कारकून, तुमचं वजन लई कामाचं हाय,” ते म्हणाले. माझ्या आयुष्यात कुणी माझ्याबद्दल इतकं खात्रीने बोललं नव्हतं. क्लीनरला चालवायला बसवून अण्णा चाकावरच्या पत्र्यावर पालथे पडले आणि इंजिनात डोकं घालून चढभर तसेच राहिले. वर पोचलो तेव्हा त्यांचं तोंड काळं झालं होतं आणि ते हसत होते. इंजिनाच्या आत काहीच नव्हतं. इंजिन ज्या लोखंडी चौकटीवर बसतं, तिथला एक पाय झिजून सैल झाला होता. गाडी भरली की चौकट वाकायची आणि तो पाय तिच्यावर आपटायचा. अण्णांनी पायातली चप्पल काढली, तिच्या चामड्याची चकती कापून त्या पायाखाली घातली आणि बोल्ट आवळला. उतरताना आवाज नव्हता. अनवाणी अण्णांनी आळीभर पेढे वाटले. “दुखतंय एकीकडं, कण्हतंय दुसरीकडं,” ते प्रत्येकाला सांगत होते.

एवढ्या वर्षांनी मोटार गप्प झाली आणि दुसऱ्या दिवसापासून रिकामी धावू लागली.

पहिले दोन दिवस अण्णा म्हणाले, सुगी आहे, माणसं रानात असतील. माणसं रानातच होती. ती नेहमीच रानात असत. आवाज ऐकला की खुरपं टाकून, बोचकं घेऊन सडकेला येत. आता आवाज येईना, तेव्हा अण्णांची मोटार मोडली अशी बातमी सडकेच्या दोन्ही बाजूंना पसरली. अण्णांनी भोंगा वाजवून वाजवून त्याचं रबर फाडलं. भोंग्याला कोण विचारतो? भोंगा कुणाचाही असतो.

आठवड्याभराने मी बेळगावला निघालो होतो. वाटेत गंगाक्का सडकेच्या मधोमध उभी. सडकेलगतच्या मळ्यात राहणारी ही विधवा, पोरगा एकुलता एक, लढाई लागल्यावर पलटणीत गेलेला. अण्णांनी ब्रेक दाबला.

“काल तुझी मोटार गेलती व्हय रं?” तिने विचारलं.

“गेलती की आक्का. वेळेवर गेलती.”

“आनि मी रानात कान देऊन बसलोय! भाकऱ्या बांधून बसलोय! काल पोराची पलटण बेळगावास्नं हालली, परशा. त्येचं त्वांडबी दिसलं न्हाय मला.” ती ओरडत नव्हती, याचंच जास्त भय वाटलं. “मुकी करायची हुती तर सांगून तरी करायची.”

 ती बाजूला होईपर्यंत अण्णा ब्रेकवर पाय ठेवून बसले.  बेळगावच्या स्टँडवर होते तेवढे उतारू उतरल्यावर ते मोटारीखाली शिरले आणि चामड्याची चकती हातात घेऊन बाहेर आले. “थांबा, अजून झालं न्हाय,” मला म्हणाले, आणि पुन्हा खाली गेले. बोल्ट किती सैल ठेवला म्हणजे मोटार रिकामीसुद्धा बोलेल पण मोडणार नाही, हे बघायला त्यांना दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला. त्यांच्या हातचं इतकं बारीक काम मी दुसरं पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर रानातून माणसं धावत आली. बसता बसता हसली. “अण्णाची दुरुस्ती आठ दिसाची!” कुणीतरी म्हणालं. अण्णांनी सरळ सांगून टाकलं, की आवाज कशाचा ते मला ठाऊक आहे, तुमच्यासाठीच ठेवलाय. त्यावर सगळी मोटार इतकी हसली की इंजिन ऐकू येईना. नाचता येईना अंगण वाकडं, हे एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी त्यात भर घातली. अण्णांनी आणखी एकदोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. पुढे कुणी नवा मिस्त्री भेटला आणि “अजून सापडला न्हाय व्हय अण्णा?” म्हणाला, की ते गियर बदलत आणि म्हणत, “बघतोय.” मला हे ऐकवत नसे. मी एकदा तसं म्हणालो, तर म्हणाले, “कारकून, तुमी वजन द्या. बोलू नगा.”

लढाई संपल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात अण्णा न्युमोनियाने गेले. गर्दी मोठी झाली. सडकेवरच्या प्रत्येक मळ्यातलं कुणी ना कुणी आलं होतं. गंगाक्का आली होती, सुखरूप परतलेल्या पोराचा हात धरून. पोरगा पलटणीत मोटारींचं काम शिकून आला होता. नदीवरून परतताना तो माझ्या शेजारून चालत होता.

“अण्णा देवमाणूस,” तो म्हणाला. “पर त्यो आवाज काय त्यास्नी जलमभर घावला न्हाय. मला नुसतं म्हनले असते, तर एका दिसात काढून दिला असता.”

गंगाक्काने कौतुकाने त्याच्याकडे बघितलं. माझ्या मस्तकात तिडीक गेली. सगळं जिभेवर आलं होतं, पण त्यात पोराची ती हुकलेली भेट आलीच असती; ते त्या बाईच्या देखत कसं सांगणार?

“व्हय,” मी म्हटलं. “तेवढं मात्र अण्णांना जमलं न्हाय.”