शांताक्कांचा तपकिरी चष्मा

शांताक्का वर्गात शिरल्या की आधी खिडकी लावून घेत. संतपूरच्या शाळेत मी रुजू झाले त्या दिवशी त्यांना भेटायला गेले, तर कपाळावर आडवा हात धरून, माझ्या खांद्याकडे बघत त्या दोन वाक्यं बोलल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, बाई तुसड्या आहेत. गावालाही तसंच वाटायचं. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे शिक्षक व्हरांड्यात डबा खायचो, त्या आतल्या अडगळीच्या खोलीत एकट्या. "कामून आत बसता, अक्का?" असं विचारलं की म्हणायच्या, "बाहेर ऊन ओरडायलंय."

नवऱ्यानं त्यांना लग्नानंतर वर्षभरात माहेरी आणून सोडलं होतं. माहेर खजुरीचं, तिथं आई आणि थोरला भाऊ. इथं शाळेजवळच्या एका खोलीत त्या एकट्या राहत.

चाळिशी उलटल्यावर कलबुर्गीच्या एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. उजेड, आवाज तुम्हाला इतरांपेक्षा जास्त टोचतो. ही बातमी त्यांनी मला वेळापत्रक सांगावं तशी सांगितली. "रोग न्हाई म्हणत्यात. माझी घडणच तशी हाय. मी उगंच इतकी वर्षं स्वतःवर चिडत आले." मग म्हणाल्या, "चष्मा घ्यायचाय. दुकानात लई बोलत्यात. तू चल, त्यांच्याशी तू बोल."

बिदरच्या दुकानदारानं आधी काळेकुट्ट गॉगल मांडले. शांताक्का एकेक घालून बाहेर उन्हात उभ्या राहत, मग आत येऊन ट्यूबलाइटखाली. "ह्यात बाहेर बरं हाय, आत आंधळं." दुसऱ्याच्या कडेनं उजेड शिरायचा. तिसऱ्याच्या काड्या कानामागं रुतायच्या. डॉक्टरांनी बजावलंही होतं, घरात सतत गडद काच नको, डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड आणखी सोसेनासा होतो. दुकानदार कंटाळला. "म्याडम, तोंडाला शोभायलंय का ते तरी बघा," म्हणत त्यानं आरसा पुढे केला. शांताक्कांनी तो बाजूला सारला. "तोंड लोकांनी बघायचं. मला रस्ता बघायचाय."

शेवटी दोन घेतले. उन्हासाठी कडेनं झाकलेला, हलका, तपकिरी काचेचा आणि वर्गासाठी फिकट गुलाबी.

एरवी बसमध्ये तोंडावर पदर ओढून बसणारी ही बाई परतीला खिडकीशी बसली. मग म्हणाली, "सुनीता, तूर फुललीया. एवढी पिवळी असती व्हय?" शांताक्का शेतकऱ्याच्या लेक होत्या.

गावात पोरं "हिरोईनबाई" म्हणायला लागली. त्याचं त्यांना काही नव्हतं. दुखलं ते भाचीच्या लग्नात. फोटोपुरता चष्मा काढ म्हणून भावानं गळ घातली, त्यांनी काढला. व्हिडिओवाल्याच्या दिव्यापुढे त्या उभ्या राहिल्या आणि स्टेजवरून उतरता उतरता ओकल्या. पंगती उठेपर्यंत मंडपामागं पडून होत्या. पुढच्या कार्याला भावाचं बोलावणं आलं नाही.

मग आई गेल्याचा फोन आला. मी सोबत गेले. भर दुपार, आईला अंगणात ठेवलेलं. शांताक्का चष्मा लावून आईजवळ बसल्या. बायका कुजबुजल्या, डोळ्यांत पाणी न्हाई म्हणून झाकायलीय. भाऊ वाकून म्हणाला, "आईपुढं तरी काढ की ते. लोक बघायलेत."

"काढलं तर मला आई दिसत न्हाई, अण्णा," त्या म्हणाल्या. "नुसतं पांढरं दिसतंय. शेवटचं बघू दे."

भाऊ सरळ उभा राहिला. आईला नेल्यावर बायका आत गेल्या. शांताक्कांना आत ये असं कुणी म्हणालं नाही. आम्ही तशाच निघालो.

पुढच्या वर्षी त्यांची बदली आळंद तालुक्यात झाली. स्टँडवर मी म्हणाले, "अक्का, सुट्टीत येते भेटायला."

"नको येऊस," त्या म्हणाल्या. "आलीस की जाशील. मग लई दिवस खोली रिकामी वाटती."

बस लागली. त्या चढल्या. मी अजून गेलेले नाही.